पेटीवाला उठला नाही

लखनौत आमचं आडनाव कुणाला धड उच्चारता यायचं नाही, आणि ते आमच्या पथ्यावरच पडलं होतं. टेंभुर्णे. हजेरी घेताना नवीन शिक्षक दरवर्षी अडखळायचे, "टेम्भू... क्या?" म्हणायचे आणि कंटाळून नुसतं 'रुचिरा' करून टाकायचे. हेच आडनाव भंडाऱ्याकडे सांगितलं की समोरचा माणूस आमचं घर गावाच्या कुठल्या टोकाला असेल ते लगेच ओळखतो. लखनौत आम्ही नुसते 'मराठी लोग'. आई मला बजावून ठेवायची, "कोणी विचारलं तर महाराष्ट्रीयन सांगाचं. पुढं काही बोलाचं नाही."

बाबा, म्हणजे दयाराम टेंभुर्णे, बख्शी का तालाबला केंद्र सरकारच्या एका कार्यालयात हेडक्लार्क होते. रोज अलीगंजहून स्कूटरवर जात. आमच्या घरात बाबासाहेबांची तसबीर आतल्या खोलीत होती, बैठकीत नव्हती. चौदा एप्रिलला बाबा ती बाहेर आणून हार घालत आणि पंधराला ती पुन्हा आत जाई. मी लहानपणी विचारलं होतं की ती बाहेरच का नाही ठेवायची. बाबांनी उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर पुढचं रामायण कदाचित टळलं असतं.

सावनी पेंडसे नववीत आमच्या वर्गात आली. तिचे वडील शास्त्रज्ञ, पुण्याहून इथल्या एका संशोधन संस्थेत बदलून आलेले. पहिल्याच दिवशी ती मागच्या बाकावरून वाकून म्हणाली, "तू मराठी आहेस ना?" आणि मी विरघळले. परमुलखात आपल्या भाषेत कुणी हाक मारली की माणूस वेडं होतं. बोलणारा आपलाच असं वाटायला लागतं. मला तर तसं तीन वर्षं वाटत राहिलं.

तिच्या आईने, हेमामावशीने, मला पहिल्या भेटीत विचारलं, "मूळचे कुठले गं तुम्ही?" मी म्हटलं भंडारा. "आडनाव?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अच्छा." मग जरा थांबून पुन्हा, "अच्छा." आणि बेसनाचा लाडू हातावर ठेवला. मी लाडवाकडे पाहत होते. ते दुसरं 'अच्छा' माझ्या कानावरून गेलं.

अकरावीत आम्हाला इंग्रजीला रिझवी मॅडम आल्या. बारीक चणीच्या, पन्नाशीच्या, कायम सुती साडी. वर्षभर एक जुनी ग्रीक शोकांतिका आणि एका महाकाव्याचे निवडक सर्ग शिकवायचे होते. पोरांनी आधीच नाकं मुरडली होती. मॅडमनी पहिल्या तासाला पुस्तक उघडलंच नाही.

"इन नाटकों में मंच पर कोई नहीं मरता," त्या म्हणाल्या. "जो बुरा होना है, पर्दे के पीछे होता है. फिर एक आदमी आता है और बताता है. उसे दूत कहते हैं. एपिक में भी यही है. ख़बर पैदल चलकर आती है."

मागून कुणीतरी म्हणालं, "मैम, बोरिंग है. ऐक्शन ही नहीं."

मॅडम हसल्या. "लखनऊ में रहकर ऐसा कहते हो? कभी मुहर्रम की मजलिस में बैठे हो? न तलवार, न घोड़ा. एक आदमी मिंबर की ऊँची सीढ़ी पर बैठा सुना रहा है, और पूरा हॉल रो रहा है. अब बताओ, किसने क्या देखा?"

मी जागच्या जागी खिळले होते, कारण मला अशी एक गोष्ट माहीत होती. मी पाहिलेली नव्हती. बाबांनी सांगितलेली होती, आणि त्यांनीही पाहिलेली नव्हती.

ऑक्टोबरात मॅडमनी काम दिलं. प्रत्येकाने एका दूताचं भाषण लिहायचं. आपल्या घरातली गोष्ट, आपण न पाहिलेली, फक्त ऐकलेली. सगळ्यात चांगलं भाषण ज्याचं असेल, तो ते डिसेंबरात वार्षिक समारंभात रंगमंचावर म्हणणार. "एक ही शर्त है," मॅडम म्हणाल्या. "दूत झूठ नहीं बोलता. राजा को बुरा लगे तो लगे."

मला ते हवं होतं. अगदी जीव टाकून हवं होतं. अकरा वर्षांत शाळेच्या रंगमंचावर मी एकदाच गेले होते, तेही दुसरीत झाड होऊन.

त्या रविवारी मी बाबांना पुन्हा ती गोष्ट सांगायला लावली आणि त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतली.

माझे आजोबा राजाराम टेंभुर्णे यांचा आवाज असा होता की नदीच्या या काठावरून हाक मारली तर त्या काठाची गुरं मान वळवायची. आमच्याकडे झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव नाटकं होतात. अजूनही होतात. एका नाटकमंडळीत आजोबा राजाचं काम करायचे. मंडळी दूरच्या गावांत जाई आणि तिथे त्यांना 'राजाराम मास्तर' एवढंच नाव होतं. जात कुणी विचारली नव्हती आणि त्यांनी सांगितली नव्हती. ठाऊक होती फक्त पेटीवाल्याला, भास्करला. तो त्यांच्या शेजारच्या गावचा, लहानपणापासूनचा दोस्त. आजीच्या हातचं जेवलेला.

एका गावात पहिला अंक संपला आणि गावच्या पाटलाने भास्करला बोलावून विचारलं, हा राजा कोण, कुणाचा? भास्करने सांगून टाकलं. का सांगितलं ते कुणालाच कळलं नाही. कुणी मारलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. नुसतं विचारलं होतं.

लोकांनी आजोबांचा मुकुट उतरवला. सिंहासन म्हणून पाटलाच्याच घरची खुर्ची आणली होती, ती मांडवाबाहेर नेऊन सगळ्यांदेखत धुतली. पण नाटक अर्ध्यावर होतं, गाव जमलेलं होतं, आणि राजाचं काम दुसऱ्या कुणाला पाठ नव्हतं. मग तोड निघाली. पाटलाच्या पुतण्याला मुकुट घालून ओल्या खुर्चीवर बसवलं आणि आजोबांना पडद्यामागे उभं केलं. पुतण्याने नुसते ओठ हलवायचे आणि आजोबांनी मागून बोलायचं. उरलेले दोन्ही अंक त्यांनी असे बोलून काढले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भास्कर पेटी वाजवत राहिला, त्याने मान वर केली नाही.

आजोबा त्यानंतर कधी नाटकात गेले नाहीत. भास्करशीही बोलले नाहीत. बाबा सांगतात, म्हातारपणी कुठे पेटीचा सूर लागला तरी ते उठून बाहेर जात.

सोमवारी मी तो मराठी कागद घेऊन सावनीकडे गेले. माझं इंग्रजी बरं होतं, पण तिचं फाडफाड होतं. तिच्या खोलीत पलंगावर बसून मी तिला सगळं वाचून दाखवलं. पेंडश्यांच्या मुलीला हे वाचून दाखवताना मी काय करते आहे ते मला पुरतं ठाऊक होतं. आडनावाच्या आडोशाला बसलेली मी आपण होऊन बाहेर येत होते. पण मला वाटलं, इथे नाही यायचं तर कुठे?

सावनी रडली. खरंच रडली, मी खोटं नाही सांगणार. "यार रुचि, तूने कभी बताया नहीं," ती म्हणाली. "कागद माझ्याकडे ठेव. इंग्लिश मैं देख लूँगी."

त्याच आठवड्यात आमच्या वर्गात भांडण पेटलं. ते वर्ष २००६, कॉलेजांतल्या राखीव जागांवरून गावभर मोर्चे निघून गेले होते आणि पोरांच्या डोक्यातून ते उतरलं नव्हतं. मधल्या सुट्टीत आशुतोष नावाचा एक मुलगा बाकावर उभा राहून म्हणाला, "हम रात-दिन पढ़ें और सीट कोटेवाले ले जाएँ! शुक्र है अपनी क्लास में कोई नहीं." सगळे हसले. मीही हसले. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

संध्याकाळी मी सावनीला फोन केला. "मी ते देत नाहीये," म्हटलं. "दुसरं काहीतरी लिहिते. कागद फाडून टाक."

"पक्का?"

"पक्का. कुणाला सांगू नकोस."

"अरे, पागल है क्या? किसको बताऊँगी? फाड़ देती हूँ."

मग मी मामाची गाडी चुकल्याची काहीतरी गोष्ट खरडून दिली. मॅडमनी त्यावर 'ठीक' एवढा शेरा मारला.

पुढच्या शुक्रवारी मॅडम वर्गात आल्या त्या एकच वही हातात घेऊन. "सत्ताईस साल से पढ़ा रही हूँ," त्या म्हणाल्या. "ऐसा दूत नहीं आया." आणि वाचायला लागल्या. इंग्रजी सुंदर होतं. पहिल्या वाक्यात नदी होती, त्या काठाची गुरं मान वळवत होती.

मुकुट उतरवला. खुर्ची धुतली, पुतण्याला तिच्यावर बसवलं. आणि मग मी जे ऐकलं ते मला आधी समजेचना. त्या वहीत पेटीवाल्याचे हात थांबले. तो उठला. भरल्या मांडवात तो पाटलाला म्हणाला, ही खुर्ची धुतलीत तर आता माझी पेटी धुवा, ह्याच्या घरी जेवलेले हे हात धुवा. लोकांच्या माना खाली गेल्या. राजा पुन्हा सिंहासनावर बसला. शेवटचं वाक्य होतं, 'तो पेटीवाला माझा आजोबा.'

वर्गाने टाळ्या वाजवल्या. आशुतोषनेही वाजवल्या. मॅडमनी वही मिटून सावनीच्या हातात दिली आणि तिच्या खांद्यावर थोपटलं.

नुसती चोरी असती तर मी एक वेळ गिळली असती. माझ्या आजोबांना ज्याने विकलं त्याला तिने देवमाणूस केलं होतं, आणि वर त्याला स्वतःच्या घरात नेऊन बसवलं होतं. मी उठून 'हे खोटं आहे' म्हणाले असते तर पुढचा प्रश्न आला असता, तुला कसं माहीत? आणि त्याचं उत्तर वर्गात द्यायचं नाही म्हणून तर मी कागद फाडायला सांगितला होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. दार हेमामावशींनी उघडलं. सावनी त्यांच्या मागे येऊन उभी राहिली.

"तू फाडणार होतीस," मी म्हटलं.

"तू तो दे ही नहीं रही थी, यार. इतनी अच्छी स्टोरी वेस्ट जाती."

"ती स्टोरी नाहीये. माझे आजोबा आहेत."

"मैंने तेरा नाम कहीं आने दिया? उल्टा प्रोटेक्ट किया तुझे."

"आणि भास्कर तुझा आजोबा कधीपासून झाला?"

हेमामावशी मध्ये पडल्या. आवाजात तोच लाडवाचा गोडवा. "अगं, हिचे आजोबा खरंच पेटी वाजवायचे, बरं का. आणि शेवट किती छान केलाय तिने! सगळंच कडू कशाला सांगायचं? तुझ्याच लोकांना बरं वाटेल ना ऐकून, की कुणीतरी उभं राहिलं होतं."

"पण कुणी राहिलं नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मग तुला सांगायचंय का सगळ्यांना? वर्गात? सांग की. आम्ही कुठे अडवलंय?"

त्यांना माहीत होतं मी सांगणार नाही. आमचं आडनाव लखनौत वाचता येणारं ते एकच घर होतं, आणि मी आपल्या पायांनी चालत तिथे गेले होते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं आमची आजी म्हणायची. मी परत फिरले. रस्ताभर रडले आणि घरी आईला सांगितलं की डोळ्यांत धूळ गेली.

आठवड्याने रिझवी मॅडमनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. सावनी सरावात वाक्यं विसरत होती. "तुम्हारी याददाश्त अच्छी है," त्या म्हणाल्या, "और तुम दोनों तो बहनों जैसी हो. तुम प्रॉम्प्टिंग कर दो." बिचाऱ्यांना काय ठाऊक. मी मान डोलावली. पडद्यामागे उभं राहायचं माझ्या नशिबी पिढीजातच होतं.

सराव महिनाभर चालला. सावनी माझ्याशी पहिल्यासारखीच बोलायची, डबा पुढे करायची, जणू काही झालंच नाही. मी रोज टाइप केलेले कागद हातात धरून तिला तिचं खोटं वाक्य आठवून द्यायचे. "त्याचे हात थांबले. तो उठला." रोज. दाताखाली खडा यावा तसं ते वाक्य यायचं. बाबांना मी काही सांगितलं नाही. समारंभाला चला एवढंही त्यांना आईनेच म्हटलं, मी लपवलेली पालकांची पत्रिका तिला सापडली म्हणून.

समारंभाच्या दिवशी हॉल भरला होता. दुसऱ्या रांगेत हेमामावशी, मोरपिशी पैठणी नेसून. बाबा आणि आई मागे, खांबाजवळ. मी डाव्या विंगेत पडद्याच्या आड उभी होते, सावनीपासून चार हातांवर. तिने काळा सदरा घातला होता आणि हातात काठी होती, लांबून चालत आलेल्या दूताची.

सुरुवात तिने चांगली केली. नदी झाली, गुरं झाली, मुकुट झाला. खुर्ची धुतली तेव्हा हॉलमध्ये खोकलासुद्धा ऐकू येईना. मग पुतण्या खुर्चीवर बसला, आणि सावनी थांबली.

आधी मला वाटलं, परिणामासाठी थांबली आहे. मग तिने काठी या हातातून त्या हातात घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक. ती सगळं विसरली होती.

कागद माझ्या हातात होता. वाक्य त्यावर होतं. मी ते बोलायला तोंड उघडलं, आणि तोंडातून दुसरंच निघालं. इंग्रजीतच, पण बाबांनी सांगितलेलं.

"पेटीवाल्याने मान वर केली नाही."

सावनीने माझ्याकडे एक क्षण पाहिलं. तिला कळलं की नाही, मला माहीत नाही. बुडत्याला हात दिला की तो हात कुणाचा ते बुडता बघत नाही. ती लोकांकडे वळली आणि म्हणाली, "पेटीवाल्याने मान वर केली नाही."

"त्यानेच सांगितलं होतं."

"त्यानेच सांगितलं होतं."

आता परतीची वाट नव्हती, तिलाही आणि मलाही. मी एकेक वाक्य देत गेले आणि ती ते उचलत गेली. त्याला कुणी मारलं नव्हतं, नुसतं विचारलं होतं. राजाला पडद्यामागे उभं केलं. खुर्चीवरचा माणूस ओठ हलवत होता आणि आवाज मागून येत होता. लोक टाळ्या वाजवत होते आणि त्या टाळ्या पडद्याला लागून थांबत होत्या. हे शेवटचं कुणी सांगितलेलं नव्हतं, ते मला तिथे उभं राहून कळलं.

मग मी शेवटचं वाक्य दिलं. "पडद्यामागचा तो माणूस माझा आजोबा."

"पडद्यामागचा तो माणूस," सावनी म्हणाली, "माझा आजोबा."

मी फटीतून दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. हेमामावशींचा हात तोंडावर गेला होता. आणि मग हॉल उठला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. सावनी वाकून नमस्कार करत होती, तिच्या गालांवर रंग परत येत होता. माझ्यापर्यंत टाळ्यांचा आवाज येत होता, पण टाळ्या तिच्या होत्या. मी खरं बोलले होते आणि तेही तिच्या पदरात पडलं होतं. इतकं रिकामं मला त्या वहीच्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं.

फाटकाशी बाबा स्कूटर काढत होते. आई त्यांच्यापासून लांब उभी होती, म्हणजे काहीतरी बोलणं झालेलं होतं. बाबांनी किक मारली नाही. हेल्मेट हातात धरून म्हणाले, "त्या पोरीले कोणं सांगतलं?"

"मी."

"आणि शेवटी जे बोलली, ते?"

"ते मीच. मागून."

मला वाटलं ते रागावतील. घरातली गोष्ट बाहेर नेली म्हणून. ते हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत राहिले.

"माह्या बापाले लोकायनं मागं उभं केलं होतं," ते म्हणाले. "तुले कोणं केलं वं?"

आई म्हणाली, "चला आता, थंडी आहे." आम्ही तिघं एका स्कूटरवर अलीगंजला आलो. घरी आल्यावर बाबांनी आतल्या खोलीतून बाबासाहेबांची तसबीर आणली, बैठकीतलं कॅलेंडर काढून त्या खिळ्याला ती लावली आणि जेवायला बसले. डिसेंबर होता.

सोमवारी पहिलाच तास इंग्रजीचा. रिझवी मॅडमच्या हातात टाइप केलेले कागद होते.

"सावनी, मुबारक हो," त्या म्हणाल्या. "मगर एक बात पूछनी है. इसमें लिखा है पेटीवाला उठा था. उस दिन तुमने कहा नहीं उठा. दूत झूठ नहीं बोलता, यह हमने तय किया था. तो सच क्या है?"

मी सावनीकडे पाहिलं. मनात म्हटलं, आता तरी बोल. एवढं एक बोल, मी बाकीचं सगळं सोडून देते.

सावनी उभी राहिली. छान हसली. "मैम, मैं लाइनें भूल गई थी. तो वहीं खड़े-खड़े सूझ गया. ज़्यादा ड्रामैटिक लगा. वैसे सच तो पहले वाला ही है, मेरे दादाजी उठे थे."

ती बसली. मी उभी राहिले. उभी राहताना माझा गुडघा बाकावर आपटला, तो अजून थंडीत दुखतो.

"मैम, कोई नहीं उठा था," मी म्हटलं. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हटलं. "कोई नहीं उठा था. पर्दे के पीछे जो थे, वो मेरे दादाजी थे. हम लोग महार थे, इसलिए कुर्सी धोई गई. अब बौद्ध हैं. कहानी मेरी है. मैंने इसे पढ़कर सुनाई थी."

मागच्या बाकावर कुणीतरी हळूच म्हणालं, "अच्छा, तो कोटा..." आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. आशुतोष खिडकीबाहेर बघायला लागला. ज्याला मी इतकी घाबरत होते ते इतकंच होतं, आणि ते पुढे दीड वर्ष रोज थोडं थोडं होत राहिलं. ती वेगळी कथा.

रिझवी मॅडम टेबलापाशी गेल्या, कागद ठेवले, पेन उघडलं आणि वरचं नाव खोडलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"दादाजी का नाम?"

"राजाराम टेंभुर्णे."

"ठहर के कहिए. मैं ग़लत नहीं लिखना चाहती."

"टें-भुर्-णे," मी म्हटलं.

त्या लिहीत असताना मी सावनीकडे वळून पाहिलं. वर्गात त्या क्षणी ते आडनाव कळणारी ती एकटीच होती. ती वहीत काहीतरी गिरवत होती. मी तिला मराठीत हाक मारली, "सावनी."

तिने मान वर केली नाही.